लखनौचा ठप्पा आणि रंध्याचा पहिला धडा

लखनौच्या चिकनचा कुडता महाराष्ट्रातील घरांना अपरिचित नाही. वैशाखाच्या उन्हात पांढऱ्या मलमलीवर पांढऱ्याच दोऱ्याने भरलेल्या कैऱ्या, वेली आणि बुट्ट्या पाहिल्या की डोळ्यांना गारवा वाटतो, आणि आपण सहजच सुईची वाखाणणी करू लागतो. ती योग्यच आहे. परंतु सुई कापडाला लागण्यापूर्वी त्या कापडावर लाकूड उमटून गेलेले असते, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानी येते. नक्षी प्रथम लाकडी ठप्प्याने कच्च्या निळ्या रंगात छापतात. नीळ आणि डिंक यांचा हा रंग मुद्दाम कच्चाच ठेवलेला असतो. त्या निळ्या रेघांवरून भरतकाम करणाऱ्या स्त्रिया टेपची, बखिया, मुर्री, फंदा असे नाना प्रकारचे टाके घालतात. काम पुरे झाले म्हणजे कापड धुण्यास जाते आणि नीळ पाण्याबरोबर वाहून जाते. ठप्प्याची खूणही मागे राहत नाही. राहतो तो केवळ दोरा.

हा ठप्पा बहुधा शिसमाचा असतो. आपल्याकडील शिसव आणि उत्तरेकडील शिसम ही सख्खी भावंडे. शिसम हिमालयाच्या पायथ्यापासून खाली गंगेच्या खोऱ्यातील गाळाच्या जमिनीत वाढते. लाकूड घट्ट, जड आणि बारीक कोरकाम टिकवून धरणारे. ठोकळ्याच्या एका तोंडावर नक्षी रेखाटून तिच्या आजूबाजूचे लाकूड बारीक पटाशांनी खोदून काढले म्हणजे नक्षीच्या रेघा वर राहतात. रंगाला आणि कापडाला स्पर्श होतो तो या उभ्या राहिलेल्या रेघांचा.

आता या रेघांचे सर्व माथे एकाच पातळीत असले पाहिजेत, हे सांगावयास नको. ठोकळ्याचा एखादा कोपरा पोस्टकार्डाच्या जाडीइतका जरी खाली राहिला, तरी तेथे रंग नीट लागत नाही आणि वेल मध्येच तुटते. छापणाऱ्याच्या मेजावर कापडाच्या घड्यांची गादी अंथरलेली असते, ती थोडाफार दोष पोटात घालते. परंतु चिकनच्या रेघा सुतासारख्या बारीक, आणि गादीवर फार जोर दिला की खोलगट भागाचाही डाग पडतो. अशी तुटक छपाई झालेले कापड मग लखनौच्या एखाद्या गल्लीत किंवा आसपासच्या खेड्यात भरतकाम करणाऱ्या बाईच्या घरी जाते. तिला मजुरी मिळते ती नगावर, वेळावर नाही. जेथे रेघ तुटली असेल तेथे तिने अंदाजाने टाका घालावा, दिव्याजवळ कापड धरून नक्षी शोधावी, नाहीतर काम उसवून पुन्हा करावे. हा सारा वेळ तिच्या पदरचा. चिकनच्या धंद्यात या स्त्रियांच्या वाट्याला किती थोडे येते, हे मुझफ्फर अलींच्या १९८६ सालच्या 'अंजुमन' या चित्रपटाने साऱ्या देशाला दाखविले, आणि त्यापूर्वी दोनच वर्षे, १९८४ साली, लखनौमध्ये 'सेवा' ही संस्था याच स्त्रियांना योग्य मोल मिळवून देण्यासाठी उभी राहिली. २००८ साली लखनौच्या चिकनला भौगोलिक मानांकनही मिळाले. एवढ्या मोठ्या व्यवहाराच्या तळाशी लाकडाचा एक सपाट पृष्ठभाग आहे.

तो पृष्ठभाग सपाट कसा होतो, हाच आजच्या लेखाचा विषय. ठप्पा कोरणे हे वर्षानुवर्षांच्या अभ्यासाचे काम आहे आणि ते लेख वाचून येणार नाही. परंतु रंध्याने लाकूड सपाट करणे ही कोणाही हौशी माणसाला घरच्या ओसरीवर किंवा गच्चीवर शिकता येण्याजोगी विद्या आहे. देवघरातला पाट असो, मुलांच्या अभ्यासाचे मेज असो वा पुस्तकांची फळी असो, सर्वांचा आरंभ येथूनच होतो. आणि नवशिक्याची गाडी अडते तीही येथेच. तो समजतो की हे दंडाच्या जोराचे काम आहे. वास्तविक हे पाहण्याचे काम आहे. फळी कोठे उंच आहे हे ज्याला दिसले, त्याचे अर्धे काम झाले. ज्याला दिसले नाही, तो दिवसभर रंधा मारूनही एक वाकडी फळी दुसऱ्या तऱ्हेने वाकडी करतो.

लाकूड वाकडे का होते?

बाजारातून आणलेली फळी डोळ्यांना सरळ दिसते. तीच महिनाभर कोपऱ्यात उभी करून ठेवा आणि मग जमिनीवर आडवी टाका; बहुधा ती डुगडुगेल. झाड तोडले तरी लाकडाचे श्वासोच्छ्वास थांबत नाहीत, असे जुने सुतार म्हणतात. शास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर लाकूड हवेतील ओलावा शोषते आणि सोडते, आणि त्याप्रमाणे फुगते व आकसते. मात्र हे आकसणे सर्व दिशांना सारखे नसते. लांबीत ते जवळजवळ नसतेच. खोडाच्या गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत ते थोडे असते, आणि वार्षिक वलयांच्या कडेकडेने त्याच्या सुमारे दुप्पट असते. या असमानतेमुळे ओंडक्याच्या बाजूने चिरलेली फळी वाळताना पन्हळीसारखी होते. तिच्या कडा सालीच्या बाजूला वर उचलल्या जातात. फळीच्या टोकाकडे पाहून वलये ओळखता आली, तर ती कोणत्या बाजूस वळणार हे आधीच सांगता येते.

लखनौची हवा या दृष्टीने मोठी परीक्षा पाहणारी आहे. मे-जून महिन्यांत तेथे लू वाहते, पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि लाकूड हाडासारखे कोरडे होते. जुलैपासून पाऊस लागला की तेच लाकूड ओलावा पिऊन फुगते. कोकणात श्रावणात घरांची दारे चौकटीत अडकतात, तसाच हा प्रकार. म्हणून कोणतीही फळी एकदाच सपाट केली आणि कायमची सुटका झाली, असे होत नाही. लाकूड पुरते मुरलेले असावे, ते कामाच्या जागी काही दिवस ठेवून मगच हातात घ्यावे, आणि दोन्ही बाजूंनी साधारण सारखेच रंधावे. एकाच बाजूने पुष्कळ लाकूड काढले तर आतला ओलावा त्या बाजूने लवकर बाहेर पडतो, आणि रात्री सरळ ठेवलेली फळी सकाळी हसू लागते!

फळीचे वाकडेपण मुख्यतः तीन तऱ्हांचे. रुंदीत वळलेली ती पन्हळ, लांबीत वळलेली ती कमान. या दोन्ही सहज दिसतात. तिसरा दोष पीळ पडण्याचा, आणि तो लबाड असतो. फळीचे समोरासमोरचे दोन कोपरे उंच आणि उरलेले दोन खाली असतात. पट्टी आडवी लावा, उभी लावा, फळी सरळच वाटते. नवशिक्याच्या हातून तयार झालेली चौकट चारही पायांवर टेकत नाही, ती बहुतेक वेळा या पिळामुळे.

रंधा

रंधा फार जुना आहे. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरात रोमन सुतारांचे रंधे सापडले आहेत, आणि त्यांची रचना आजच्या सुताराला चटकन ओळखू येईल अशीच आहे. लाकडाचा लांबट ठोकळा, त्यात तिरकी खोबण, खोबणीत पोलादी पाते आणि ते घट्ट धरणारी पाचर. पात्याचा कल साधारण पंचेचाळीस अंशांचा. पूर्ण लोखंडी बांध्याचे आणि स्क्रूने पाते वरखाली करता येणारे रंधे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून जगभर गेले; परंतु आपल्याकडील पुष्कळ सुतारांच्या हत्यारांत लाकडी रंधा अद्याप टिकून आहे. जपानी सुतार रंधा स्वतःकडे ओढतो, आपण पुढे ढकलतो. परिणाम तोच.

रंध्याचे खरे मर्म त्याच्या पात्यात नसून तळात आहे, असे आमचे मत आहे. तळ सरळ असल्यामुळे पाते खोलगट भागापर्यंत पोहोचू शकत नाही. ते उंच भागच तासते. आता तळ जितका लांब तितका तो लाकडाचे चढउतार ओलांडून जाणार. नऊ इंची छोटा रंधा खळग्यात उतरतो आणि तेथेही लाकूड काढतो. म्हणजे खळगा गुळगुळीत होतो, परंतु खळगाच राहतो. बावीस-चोवीस इंचांचा लांब रंधा त्याच खळग्यावरून पुलासारखा पार होतो. ज्याला एकच रंधा घ्यावयाचा असेल त्याने सुमारे चौदा इंचांचा मधला घ्यावा. हात-दीड हात लांबीच्या फळीला तो पुरेसा होतो.

धार मात्र कोणत्याही रंध्याला हवीच, आणि तिच्यात कसर चालत नाही. धारेचा उतार सुमारे पंचवीस अंशांचा ठेवून पाते निसण्यावर पाणी किंवा तेल घालून घासावे. पाठीकडील बाजू दगडावर अगदी सपाट टेकवून तेथे वळलेली पोलादाची कड घालवावी. वर्तमानपत्राचा कागद एका हाताने उभा धरून पात्याने सरकन कापता आला, तर धार लागली. पात्याचे दोन्ही कोपरे किंचित गोल केलेले असावेत, म्हणजे लाकडावर कडांचे ओरखडे पडत नाहीत. रंध्याच्या तळाला मेणबत्तीचे चार फराटे ओढले तर तो असा काही सुळकन पळतो की विश्वास बसू नये. कित्येक नवशिके बोथट पात्याशी तासन् तास झगडतात आणि आपल्या मनगटाला दोष देतात.

आधी पाहणे, मग रंधणे

पहिल्या प्रयत्नासाठी शिसम घेऊ नये. त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, आणि गाठी आल्या की अनुभवी हातही जपून चालतो. सागवान काम करण्यास चांगले, परंतु त्यातील वाळूसारख्या कणांमुळे पात्याची धार लवकर जाते. देवदार किंवा आपल्याकडील शिवण ही मऊ आणि शांत लाकडे. दीड फूट लांब, सहा-सात इंच रुंद आणि इंचभर जाडीची, गाठी नसलेली फळी आरंभाला उत्तम.

फळी मेजावर ठेवावी. पन्हळ असेल तर खोलगट बाजू वर करावी. येथे पुष्कळांचा गोंधळ होतो. फुगीर बाजू वर घेतली म्हणजे उंचवटा समोर दिसतो, म्हणून ती आधी रंधण्याचा मोह होतो. परंतु फुगीर पाठीवर रंध्याला बसक नसते, तो इकडे तिकडे झुलतो आणि तीच गोलाई कायम ठेवीत जातो. खोलगट बाजूला दोन उंच कडा असतात व रंध्याला त्या दोन्हींवर टेकता येते. खाली फळी डुगडुगू नये म्हणून पोकळ जागी लाकडाच्या पातळ पाचरी सरकवाव्यात. तसे न केल्यास रंध्याच्या दाबाने फळी खाली लवते, आणि हात काढताच पुन्हा वर येते. पुढच्या टोकाला मेजावर एक पट्टी ठोकून अडण घालावी. ही पट्टी फळीपेक्षा बुटकी हवी.

यानंतर रंधा बाजूला ठेवून फळी नीट पाहावी. एकाच रुंदीच्या दोन सरळ पट्ट्या घ्याव्यात, फळीच्या रुंदीच्या दुप्पट लांब असल्या तर अधिक चांगले. एक जवळच्या टोकावर आडवी, दुसरी दूरच्या टोकावर आडवी ठेवावी. मग खाली वाकून, एक डोळा मिटून, जवळच्या पट्टीच्या वरच्या कडेवरून दूरच्या पट्टीकडे पाहावे. दोन्ही कडा समांतर दिसल्या तर फळीला पीळ नाही. एका अंगाला दूरची पट्टी अधिक उघडी पडली, तर दूरचा तो कोपरा आणि जवळचा त्याच्या समोरासमोरचा कोपरा उंच आहे असे समजावे. पट्ट्या लांब घेण्याचे कारण हे की फळीच्या दुप्पट लांबीची पट्टी दोषही दुप्पट करून दाखविते. उंच कोपऱ्यांवर पेन्सिलीने खूण करावी आणि मग एक सरळपट्टी घेऊन लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर लावून पाहावी. पट्टीखालून उजेड येतो तेथे फळी खाली आहे; जेथे पट्टी टेकते तेथे ती उंच आहे. रंधा टेकणाऱ्या जागीच चालवावयाचा.

लाकडाची दिशाही ओळखली पाहिजे. फळी उचलून तिच्या कडेकडून पाहिल्यास तंतूंच्या रेषा एका बाजूस वर चढताना दिसतात. त्या ज्या दिशेने वर चढतात, त्या दिशेने रंधा न्यावा. मांजराच्या अंगावरून डोक्याकडून शेपटीकडे हात फिरविला तर ते गुरगुरत बसते, उलट फिरविला तर नखे काढते. लाकडाचेही तसेच, उलट्या दिशेने रंधले की तंतू उपटले जातात आणि पृष्ठभाग खरबरीत होतो.

आता पहिले रंधणे. ते लांबीच्या दिशेने करू नये, आडवे करावे. फळीच्या उंच कडांवरून रुंदीच्या दिशेने किंवा थोडे तिरके रंधे मारीत गेले की लाकूड भराभर निघते आणि रंधा जड वाटत नाही. पीळ असेल तर एका उंच कोपऱ्याकडून दुसऱ्या उंच कोपऱ्याकडे, म्हणजे कर्णाच्या रेषेत, मारावे. दूरची कड फुटण्याचा संभव असतो, म्हणून तिला आधी थोडा उतार देऊन ठेवणे बरे. आठ-दहा फेऱ्या झाल्या की पुन्हा पट्ट्या ठेवून पाहावे. पुन्हा खुणा. पुन्हा रंधा. हे थांबणे आणि पाहणे कंटाळवाणे वाटते खरे. परंतु सारी विद्या त्यातच आहे, आणि घाईने मारलेल्या शंभर रंध्यांपेक्षा पाहून मारलेले दहा अधिक काम करतात.

पीळ आणि पन्हळ गेली की फळीभर पेन्सिलीने तिरप्या रेघांची जाळी ओढावी आणि मग लांबीच्या दिशेने, पाते अगदी थोडे बाहेर ठेवून, एकाशेजारी एक असे रंधे मारीत जावे. जेथे पेन्सिल पुसली तेथे रंधा लागला, जेथे रेघा राहिल्या तो भाग अजून खाली आहे. हा एवढा साधा उपाय जो दाखवितो तो महागडी साधनेही दाखवीत नाहीत.

या टप्प्यावर नवशिक्याच्या फळीला एक नवाच रोग जडतो. मध्ये उंच आणि दोन्ही टोकांना खाली, अशी ती माशाच्या पाठीसारखी होते. दोष रंध्याचा नसतो, हातांच्या दाबाचा असतो. आरंभी रंध्याचा मागचा भाग फळीबाहेर लोंबत असतो. तेव्हा मागच्या हाताने दाबले तर पुढचे टोक उचलते. शेवटी पुढचा भाग बाहेर गेलेला असतो. तेव्हा पुढच्या हाताचा दाब राहिला तर रंधा टोकावरून खाली घसरतो. म्हणून सुरुवातीला दाब पुढच्या हाताचा, मध्यावर दोन्हींचा सारखा, आणि शेवटी मागच्या हाताचा. हे वाचून समजते, परंतु हाताला समजावयास काही दिवस लागतात. तोवर एक युक्ती करावी. दोन्ही टोकांना दोन-दोन इंच सोडून केवळ मधलाच भाग रंधीत राहावे. मध्य थोडा खोल झाला की रंधा आपोआप लाकूड काढणे थांबवितो, कारण त्याचा तळ दोन्ही टोकांवर टेकलेला असतो. मग या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग दोन-तीन रंधे मारावेत. शेवटच्या फेरीत फळीच्या पूर्ण लांबीचा, मध्ये न तुटलेला छिलका रंध्याच्या तोंडातून वळत वर आला म्हणजे जाणावे की तेवढ्या पट्ट्यात रंध्याचा तळ आणि फळी यांचे मत जुळले. हा छिलका हातात घेऊन मुले फार खूष होतात. मोठेही होतात, ते दाखवीत नाहीत एवढेच.

एक तोंड सपाट झाले की गुण्या लावून त्याला काटकोनात एक कड रंधावी. नंतर खतकसाने, म्हणजे खिळा बसविलेल्या आणि मागेपुढे सरकणाऱ्या लाकडी आखणीने, सपाट तोंडापासून सारख्या अंतरावर चारही कडांवर जाडीची रेघ ओढावी. दुसरे तोंड त्या रेघेपर्यंत उतरविले की ते पहिल्याला समांतर होते. हे काम पहिल्याच्या निम्म्या वेळात होते, कारण आता कोठे थांबावयाचे हे रेघ सांगते.

सरळपट्टी तरी सरळ आहे का?

चौकस वाचक येथे विचारील की फळी पट्टीने तपासली, परंतु पट्टी कशाने तपासावयाची? प्रश्न बिनतोड आहे. कागदावर पट्टीच्या कडेने बारीक रेघ ओढावी, मग पट्टी उलटी पालथी करून तीच कड त्याच दोन टोकांना लावावी आणि पुन्हा रेघ ओढावी. पट्टी सरळ असेल तर दोन रेघा एक होतील; वाकडी असेल तर त्यांच्यात फट दिसेल, आणि ती खऱ्या दोषाच्या दुप्पट असेल.

याहून खोल उत्तर इंग्लंडमधील यंत्रकार जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० साली विद्वानांच्या सभेपुढे मांडले. दोन पृष्ठभाग एकमेकांवर तंतोतंत बसले म्हणून ते सपाट ठरत नाहीत. एक किंचित फुगीर आणि दुसरा तेवढाच खोलगट असला तरी ते बसतातच. परंतु तीन पृष्ठभाग घ्यावेत, आणि पहिला दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर, तिसरा पहिल्यावर असे प्रत्येक जोडीला बसतील इतके घासावेत, तर तिन्हींना सपाट होण्यावाचून गत्यंतर उरत नाही. अचूक यंत्रे बनविण्याच्या विद्येचा एक पाया या पद्धतीवर रचला गेला. घरच्या सुताराने तीन पट्ट्यांच्या कडा अशाच परस्परांशी ताडून पाहिल्या, तर त्याला बाजारातून पोलादी पट्टी आणावी लागत नाही.

ठप्प्याच्या बाबतीत नुसत्या रंध्यावर भागत नाही. रंध्याने पाते फिरल्याच्या अतिसूक्ष्म पन्हळी राहतातच, आणि लहान ठोकळ्यावर रंध्याला टेकावयास जागाही थोडी. ठप्प्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गुजरातेतील पेथापूर गावी सागवानी ठोकळ्याचे तोंड सपाट दगडावर घासून एकसारखे करतात, मग त्यावर पांढरा हात देऊन नक्षी उतरवितात. पांढऱ्यावर रेघ स्पष्ट उठते, हे तर आहेच. प्रत्येक कारागीर आपल्या परीने व्हिटवर्थसाहेबांच्याच प्रश्नाला उत्तर देत असतो, असे आम्हांस वाटते. दगड सपाट नसेल तर ठप्पाही नसणार.

शाळेतील दहा दिवस

हाताने काम करून शिकावे हा विचार आपल्याकडे नवा नाही. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, आणि पुढे डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने त्या विचाराला अभ्यासक्रमाचे रूप दिले. सूतकताई-विणकामाबरोबर सुतारकामाचाही त्यात विचार होता. लखनौमध्ये तर त्यापूर्वीच, १९११ साली, कारागिरी आणि आरेखन यांची सांगड घालण्यासाठी औद्योगिक आरेखनाचे विद्यालय निघाले होते. १९२५ पासून वीस वर्षे असितकुमार हलदार यांच्यासारखा चित्रकार त्याचा प्राचार्य होता; आज ते कला व शिल्प महाविद्यालय या नावाने लखनौ विद्यापीठात आहे. मूलोद्योगी शिक्षणाची योजना पुढे मागे पडली, आणि सुतारकामाचा तास असलाच तर तो कागदावर उरला.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर घरी ठेवून सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांजवळ शिकावे असे सुचविले आहे. सूचना चांगली आहे. भीती एवढीच की दहा दिवसांत मुलाकडून स्टूल किंवा फोटोची चौकट 'करवून' घेण्याची घाई होईल; कापणे आणि जोडणे सुताराने करावे, मुलाने पॉलिश लावावे आणि पालकांनी छायाचित्र घ्यावे! त्यापेक्षा प्रत्येक मुलाला शिवणीची एक वाकडी फळी द्यावी. पाते मोठ्यांनी लावून द्यावे, बोटे पात्यापासून दूर कशी ठेवावयाची हे आधी शिकवावे, मेज मुलाच्या कमरेइतक्या उंचीचे असावे, आणि मग घाई करू नये. पहिले दोन दिवस नुसते पट्ट्या ठेवून पाहण्यात गेले तरी चालेल. मुलींनाही रंधा तितकाच देता येतो. सुतारशाळेत त्या फारशा दिसत नाहीत याला परंपरेवाचून दुसरे कारण नाही.

दहाव्या दिवशी परीक्षेला गुरुजींचीही गरज नाही. दोन मुलांनी आपापल्या फळ्या समोरासमोर तोंड करून एकमेकींवर ठेवाव्यात आणि चार कोपऱ्यांत वर्तमानपत्राच्या कागदाच्या चार अरुंद पट्ट्या दाबून घ्याव्यात. एकेक पट्टी हलकेच ओढून पाहावी. जी पट्टी सहज सुटून हातात आली त्या कोपऱ्यात फट आहे. ती कोणाच्या फळीची, हे ठरविण्यासाठी तिसऱ्या मुलाला आपली फळी घेऊन बोलवावे लागते.